शाळेचे फाटक आणि कारखान्याचे फाटक



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "ख्रिस्ती मुले शाळा सोडल्यावर देवळात जातात की नाही, याच्याशी वसंतातल्या या सभेला काय कर्तव्य?" प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, धर्म कोणताही असो, चौदा-पंधरा वर्षे आईबापांनी आणि गुरुजींनी मुलाच्या मनात जे पेरले ते उंबरठा ओलांडल्यावर किती टिकते, ही काळजी सर्व घरांची सारखीच आहे. मुलगा गाव सोडतो, नव्या खोलीत राहतो, नव्या सोबत्यांत वावरतो. आणि दिवाळीला परत येतो तेव्हा देवघरासमोर उभे राहण्यास थोडा अवघडतो. हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. युरोपातील ख्रिस्ती समाजाला हा अनुभव आपल्या आधी आणि फार मोठ्या प्रमाणावर आला. त्यावर तेथे काय उपाय झाले, कोणते फसले आणि कोणते काही काळ तरी फळले, याचा इतिहास आज सांगावयाचा आहे. श्रद्धा खरी की खोटी, हा वाद या व्याख्यानाच्या कक्षेबाहेरचा आहे. आम्ही येथे इतिहासाच्या वाटेनेच जाणार आहोत.

१

प्रारंभ लंडनपासून करू. जॉर्ज विल्यम्स हा सॉमरसेट परगण्यातील शेतकऱ्याचा मुलगा. त्याचा जन्म १८२१ चा. कापडाच्या दुकानात उमेदवारी करून तो १८४१ साली लंडनला आला आणि सेंट पॉलच्या मंदिराजवळील एका मोठ्या कापड-पेढीत नोकरीस लागला. अशा पेढ्यांतील नोकर दुकानाच्याच इमारतीत दाटीवाटीने राहत. पहाटेपासून रात्रीपर्यंत गिऱ्हाइकांसमोर उभे राहावयाचे आणि सुटल्यावर दारूचा गुत्ता किंवा त्याहून वाईट जागा गाठावयाची, असा त्यांचा दिनक्रम असे. खेड्यातून आलेल्या मुलाला येथे ओळखणारे कोणी नसे आणि विचारणारेही कोणी नसे.

विल्यम्सने व्याख्यान दिले नाही, की पत्रक काढले नाही. दोघा-चौघा सोबत्यांसह तो निजण्याच्या खोलीत प्रार्थनेस बसू लागला. मंडळी वाढली. ६ जून १८४४ रोजी बारा तरुण जमले आणि त्यांनी एक संस्था स्थापन केली. तीच पुढे वाय. एम. सी. ए. या नावाने जगभर गेली. १८७५ साली ती मुंबईतही आली. आज आपल्याकडे हे नाव घेतले की खेळाचे मैदान आणि वसतिगृह डोळ्यांपुढे येते. परंतु मूळ गोष्ट एवढीच होती की, एकाच छपराखाली राहणाऱ्या पोरांनी एकमेकांना एकटे पडू दिले नाही. हे बारा जण एका पंथाचे नव्हते, आणि त्यांत धर्मगुरू कोणीही नव्हता. या दोन गोष्टी श्रोत्यांनी ध्यानात ठेवाव्या.

तथापि ही चळवळ मुख्यतः दुकानांतील आणि कचेऱ्यांतील तरुणांची राहिली. ज्याला बाराव्या-चौदाव्या वर्षी थेट यंत्रापुढे उभे केले जाई, त्या कामगाराच्या पोरापर्यंत ती फारशी पोहोचली नाही. त्या पोराची कहाणी बेल्जियममध्ये पाहावयास मिळते.

२

युरोपच्या मुख्य भूमीवर यंत्रयुगाने प्रथम पाय रोवले ते बेल्जियममध्ये. कोळशाच्या खाणी, लोखंडाच्या भट्ट्या, कापडाच्या गिरण्या, सारे तेथे लवकर आले आणि त्यांबरोबर कामगारांची दैनाही आली. १८८६ साली लिएज आणि शार्लरॉय या भागांत कामगारांचे मोठे उठाव झाले, तेव्हा कोठे सरकारास जाग आली. १८८९ च्या कायद्याने बारा वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास बंदी झाली. याचाच अर्थ असा की, बारावे वर्ष लागले की मुलगा कारखान्यात जाण्यास मोकळा होता, आणि कायदा त्याला दिवसाचे बारा तास राबवू देत होता. शिक्षण सक्तीचे होण्यास १९१४ साल उजाडावे लागले.

देश कॅथॉलिक होता. मुलाचा बाप्तिस्मा होई, त्याला धर्मशिक्षणाचे पाठ मिळत, वाजतगाजत त्याचे पहिले ख्रिस्तप्रसाद-ग्रहण होई. त्यानंतर थोड्याच काळात तो कारखान्याच्या फाटकातून आत जाई आणि चर्चच्या दारातून बाहेर पडे. दोन्ही फाटकांमधले अंतर पुष्कळदा काही महिन्यांचेच असे.

जोसेफ कार्डाइन याचा जन्म १८८२ चा. ब्रसेल्सजवळच्या हाल या गावी तो वाढला. वडील कष्टकरी होते. पुढे त्यांनी कोळशाचा लहानसा धंदा केला. तेराव्या-चौदाव्या वर्षी जोसेफनेही कामास लागावे असे घरात ठरत होते. तेव्हा एका रात्री भावंडे निजल्यावर तो अनवाणी खाली उतरला आणि आपल्याला धर्मगुरू होण्यासाठी शिकावयाचे आहे, असे त्याने वडिलांना सांगितले. इतकी वर्षे राबलो, आणखी राबू, असा विचार करून त्या माउली-पित्यांनी त्याला परवानगी दिली. ही आठवण कार्डाइन आयुष्यभर सांगत.

तो मेखेलेनच्या धर्मविद्यालयात गेला. त्याचे शाळूसोबती कारखान्यात गेले. सुटीत घरी आल्यावर तो धावत त्यांना भेटावयास गेला, तो काय? जे एका बाकावर बसले होते, एका वेदीपुढे गुडघे टेकत होते, ते आता त्याच्याशी बोलेनात. त्यांच्या तोंडी शिव्या आणि थट्टा होती. मनात चर्चविषयी राग होता. हा मालकांच्या बाजूचा झाला, असे त्यांस वाटे. आपणच परके कसे झालो, हे कोडे त्या मुलाच्या काळजात काट्यासारखे रुतले. १९०३ साली कष्टाने झिजलेले वडील वारले. त्यांच्या मृत्युशय्येपाशी त्याने निश्चय केला की, आपले आयुष्य या कामगार पोरांसाठी खर्चावयाचे.

३

चर्चने तोपावेतो काहीच केले नव्हते असे नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढले होते. गावोगाव धर्मग्रामांतून मुलांची मंडळेही होती. रविवारी दुपारी तेथे खेळ असत, बॅण्ड असे, नाटुकली बसवीत, आणि शेवटी प्रार्थना होई. हेतू असा की, पोरगा गुत्त्यापासून दूर राहावा. या मंडळांतून पुष्कळांचे भले झाले हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या उपायात एक उणीव होती. मंडळ रविवारचे होते आणि कारखाना सोमवारपासून शनिवारपर्यंतचा होता. मंडळात मुलाला जे सांगत ते फोरमनच्या शिवीपुढे, शेजारच्या यंत्रावरील थट्टेपुढे आणि पगाराच्या दिवशीच्या पेल्यापुढे कसे वापरावयाचे, हे त्याला कोणी सांगत नसे. सांगणाऱ्यांस स्वतःलाच ते ठाऊक नव्हते.

कार्डाइन १९०६ साली धर्मगुरू झाले. काही वर्षे अध्यापन केल्यावर १९१२ मध्ये ब्रसेल्सच्या लाकेन या भागात त्यांची नेमणूक झाली. तेथे त्यांनी पहिले काम मुलींत केले. शिवणकाम करून पोट भरणाऱ्या कोवळ्या पोरींना त्यांनी जमविले. त्यांना उपदेश करण्याऐवजी त्यांनी त्यांना प्रश्न विचारले. किती तास काम करता? मजुरी किती मिळते? ती कोणाच्या हाती देता? नवी मुलगी कामावर येते तेव्हा तिच्याशी कोण कसे वागते? पोरी उत्तरे शोधून आणू लागल्या आणि शोधता शोधता विचार करू लागल्या.

मग पहिले महायुद्ध आले. जर्मनांनी कार्डाइन यांस दोनदा तुरुंगात टाकले. पुढील चळवळीचा आराखडा त्यांनी त्या कोठडीत रचला. युद्धानंतर फेर्नां तोने, पॉल गार्से आणि जाक मेर्त हे तीन तरुण त्यांना मिळाले, आणि १९१९ पासून कामगार पोरांची मंडळे उभी राहू लागली. १९२५ साली त्यांस 'तरुण ख्रिस्ती कामगार' हे नाव पक्के झाले. फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून लोक तिला 'जॉक' म्हणू लागले.

विरोध झाला, आणि तो घरातूनच झाला. कामगारांची वेगळी संघटना काढली तर ख्रिस्ती तरुणांत वर्गभेद माजेल, अशी कॅथॉलिक तरुण-संघाच्या पुढाऱ्यांस भीती वाटली. कार्डिनल मेर्सिए यांनाही ती वाटली. तेव्हा कार्डाइन थेट रोमला गेले. पोप अकरावे पायस यांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि पाठिंबा दिला. एकोणिसाव्या शतकात चर्चने कामगार गमावला ही मोठी लांच्छनाची गोष्ट होय, अशा आशयाचे उद्गार त्यांनी कार्डाइन यांच्यापाशी काढले होते, असे सांगतात. त्यानंतर विरोध मावळला.

४

आता या चळवळीची पद्धत पाहू, कारण तिचे सारे महत्त्व त्या पद्धतीत आहे. तीन शब्दांत ती सांगता येते : पाहा, पारखा, करा.

एका वस्तीतील किंवा कारखान्यातील दहा-बारा पोरे आठवड्यातून एकदा जमत. प्रथम 'पाहणे'. आपल्या भोवती काय घडते ते प्रत्येकाने सांगावयाचे. मोघम बोलणे चालत नसे. नवा उमेदवार आला, त्याला पहिल्या दिवशी काय करावयास लावले? हात धुण्यास पाणी आहे काय? यंत्राला कठडा आहे काय? आजारी पडलेल्या सोबत्याकडे कोणी गेले होते काय? मग 'पारखणे'. शुभवर्तमानातील एखादा उतारा वाचून, जे पाहिले ते ख्रिस्ताच्या दृष्टीने योग्य की अयोग्य, याचा विचार करावयाचा. आणि शेवटी 'करणे'. पुढल्या आठवड्यापर्यंत कोण काय करील ते ठरवावयाचे. आणि पुढल्या बैठकीत त्याचा जाब द्यावयाचा. कोणी नव्या पोराच्या शेजारी जेवावयास बसे, कोणी आजाऱ्याच्या घरी जाई, कोणी पाण्याच्या नळासाठी फोरमनपाशी बोलण्याचे धाडस करी. गोष्टी लहान, परंतु चौदा वर्षांच्या पोराला त्या लहान नसतात.

धर्मगुरू बैठकीस असे, पण अध्यक्ष पोरांपैकीच एक असे. पोरांनी, पोरांमध्ये, पोरांसाठी, हा दंडक होता. जो पक्का कार्यकर्ता होई त्याच्याकडे कामावरील चार-पाच सोबती सोपविलेले असत. त्यांना बैठकीस ओढून आणणे हे त्याचे काम नव्हते. त्यांचा मित्र होणे हे त्याचे काम होते. शाळा सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलांसाठी वेगळी तयारी असे, म्हणजे फाटक ओलांडण्यापूर्वीच पलीकडचा कोणीतरी त्यांच्या ओळखीचा असे.

कार्डाइन सांगत की, एकेका तरुण कामगाराचे मोल जगातील सगळ्या सोन्याहून अधिक आहे. हे वाक्य एखाद्या मोठ्या माणसाने सभेत म्हटले तर टाळ्या पडतात. येथे मात्र तेच वाक्य तेल माखलेल्या हातांच्या पोराला उद्देशून होते, आणि मागोमाग त्याच्या हाती काम सोपविले जात होते. ज्याला आजवर सगळे 'तुला सांभाळले पाहिजे' म्हणत होते, त्याला आता कोणीतरी 'तू चौघांना सांभाळ' म्हणाले. आमच्या मते या साऱ्या इतिहासाची किल्ली येथे आहे. सांभाळल्या जाणाऱ्या पोरापेक्षा सांभाळणाऱ्या पोराची श्रद्धा अधिक टिकली.

बेल्जियममधून ही चळवळ १९२६–२७ च्या सुमारास फ्रान्समध्ये गेली, आणि पुढे अनेक देशांत पसरली. १९५७ साली रोममध्ये तिच्या सुमारे ३०,००० तरुणांचा मेळावा भरला. विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीवर निघालेली 'यंग ख्रिश्चन स्टुडंट्स' ही संघटना आपल्या देशातील कॅथॉलिक शाळांतही परिचित आहे.

५

पद्धत चांगली होती की नाही, हे मेळाव्याच्या गर्दीवरून ठरत नाही. एकटा पडल्यावर माणूस कसा वागतो, यावरून ते ठरते. म्हणून एका तरुणाची हकीकत सांगतो.

मार्सेल कॉलो हा फ्रान्समधील रेन शहरचा. जन्म १९२१; नऊ भावंडांतला. तेराव्या वर्षाच्या सुमारास तो छापखान्यात खिळे जुळविण्याच्या कामास उमेदवार म्हणून लागला. तेथील बोलणे-चालणे ऐकून तो बावरला, पण जॉकच्या मंडळात त्याला सोबत मिळाली आणि पुढे तो त्या मंडळाचा प्रमुख झाला. मार्च १९४३ मध्ये रेनवर बॉम्बहल्ला झाला आणि त्याची बहीण त्यात दगावली. त्यानंतर थोड्याच दिवसांत सक्तीच्या श्रमसेवेखाली त्याला जर्मनीस जाण्याचा हुकूम आला. त्याचा विवाह ठरलेला होता. पळून जावे तर घरच्यांवर संकट, तो गेला. तेथील सोबत्यांस आधार देण्यासाठी आपण जातो, असे त्याने मनाशी ठरविले होते.

झेला-मेहलिस येथील शस्त्रांच्या कारखान्यात त्याला जुंपले. पहिले काही महिने फार वाईट गेले. चर्च नाही, मिस्सा नाही, घर नाही, शरीर आजारी. जी मुले घरापासून दूर गेल्यावर विझून जातात त्यांच्यासारखाच तोही विझत चालला होता. अशा वेळी त्याला शिकविलेली गोष्ट उपयोगी पडली. त्याने भोवती पाहिले. त्याच्याहून खचलेली पोरे त्याच बराकीत होती. त्याने त्यांना जमविले, खेळ आणि नाटके बसविली, आजाऱ्यांची विचारपूस केली, आणि खटपट करून फ्रेंच भाषेतील मिस्साही सुरू करविली. त्यांना उभे करता करता तो स्वतः उभा राहिला.

१९ एप्रिल १९४४ रोजी त्याला अटक झाली. हा फारच कॅथॉलिक आहे, असे कारण सांगण्यात आले. तुरुंगातून छळछावणीत, आणि शेवटी माउटहाउझेन येथे त्याची रवानगी झाली. १९ मार्च १९४५ रोजी उपासमारीने आणि आजाराने तो मरण पावला. वय अवघे तेवीस. १९८७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला धन्यवादित घोषित केले. कार्डाइन यांचे पहिले साथी तोने आणि गार्से हेही १९४५ च्या आरंभी दाखाउच्या छावणीत मेले. हा सारा रक्ताचा हिशेब सांगण्यात आमचा हेतू गौरवाचा नाही. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, या पोरांची श्रद्धा पहारेकऱ्यांवर अवलंबून नव्हती. जेथे पहारेकरी विरुद्ध पक्षाचे होते तेथेही ती टिकली.

६

आता दुसरी बाजू. इतिहास सांगणाऱ्याने ती लपविली तर तो भाट ठरेल.

आज बेल्जियममधील चर्चे पुष्कळ अंशी रिकामी आहेत. १९६० नंतर तेथील धर्माचरण झपाट्याने ओसरले आणि जॉकची संख्याही घटली. चळवळीत अंतर्गत वाद झाले. कामगारांच्या न्यायासाठी लढणे हेच मुख्य, की श्रद्धेचे संवर्धन मुख्य, या प्रश्नावर मने दुभंगली, आणि १९८० च्या दशकात तिच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत फूट पडली. एखाद्या पद्धतीने सारा समाज आपल्या जुन्या श्रद्धेवर कायम राहील, असे मानण्यास इतिहासात आधार नाही.

शिवाय ज्या फाटकासाठी ही योजना होती ते फाटकच हलले. बेल्जियममध्ये १९८३ च्या कायद्याने अठराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे झाले. चौदाव्या वर्षी कारखान्यात जाणारा पोरगा तेथे आता दिसत नाही. आता फाटक आहे ते हायस्कूल आणि महाविद्यालय यांच्यामधले, गाव आणि शहर यांच्यामधले. थट्टेची जागा पुष्कळदा शंकेने घेतली आहे. आणि शंका ही थट्टेसारखी हसून झटकता येत नाही. तिला उत्तर द्यावे लागते, किंवा उत्तर नसेल तर तिच्यासह बसावे लागते. जे तरुण प्रामाणिक विचाराने धर्माबाहेर गेले त्यांना दूषण देण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु फार मोठी संख्या विचाराने बाहेर जात नाही. ती एकटेपणाने बाहेर जाते. कोणी विचारीत नाही म्हणून प्रार्थना सुटते, आणि सुटली हेही पुष्कळ दिवस ध्यानात येत नाही.

कार्डाइन १९६५ साली कार्डिनल झाले. त्यांच्या तीन शब्दांची पद्धत पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या आपल्या परिपत्रकात स्वीकारली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या कार्याविषयी जो ठराव केला त्यात तरुणांचे पहिले प्रेषित तरुणच असावेत, हे तत्त्व आले. १९६७ साली कार्डाइन निवर्तले. लाकेनच्या ज्या चर्चमध्ये त्यांनी शिवणकाम करणाऱ्या मुलींना प्रश्न विचारण्यास आरंभ केला होता, तेथेच त्यांची समाधी आहे.

मग या इतिहासापासून घ्यावयाचे काय? विल्यम्सची खोली आणि कार्डाइन यांची बैठक यांत ऐंशी वर्षांचे अंतर आहे; पंथही वेगळे आहेत. तरी दोन्हीकडे तीन गोष्टी सारख्या दिसतात. पहिली, जेथे मुलगा राहतो आणि राबतो तेथेच, त्याच्याच वयाची सोबत. दुसरी, रविवारी सांगितलेल्या गोष्टीचा सोमवारच्या कामाशी सांधा. आणि तिसरी, त्याच्या हाती सोपविलेले खरे काम, ज्यात तो चुकूही शकतो. मोठ्यांना या तिहींत तिसरी गोष्ट सर्वांत जड जाते. आपले वाण मुलाने जपावे असे आपणांस वाटते, पण त्याच्या हाती ते देताना आपला हात थरथरतो. हात सोडलाच नाही तर मात्र ते वाण त्याचे कधीच होत नाही.

त्या रात्री अनवाणी उतरून आलेल्या पोराला एका गरीब कोळसेवाल्याने घरची ओढगस्त असतानाही विश्वासाने जाऊ दिले. पुढचा सारा इतिहास त्या विश्वासातून निघाला. घरोघरी आज ज्यांची मुले फाटकापाशी उभी आहेत, त्यांनी ही गोष्ट मनात वागवावी, एवढीच विनंती.